बरडावर जंगल येईल, पण आधी गायक्याशी (गावाच्या गुराख्याशी) बोला

प्रश्न थोडक्यात असा आहे. काटोल तालुक्यात कोंढाळीकडे वडिलोपार्जित १४ एकर बरड आहे. पंधरा-वीस वर्षांत पेरलेलं नाही, गावाची गुरं चरतात. लागूनच साठेक एकर मोकळी जमीन, तीही चराईचीच. एका कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला की इथे देशी झाडांचं जंगल येऊ द्या, कार्बन क्रेडिटपोटी, म्हणजे झाडांनी हवेतून शोषलेल्या कार्बनच्या विक्रीतून, एकरी वर्षाला ४० हजार मिळतील. करार ४० वर्षांचा, आणि नोंदणीची फी आधी भरायची. पुतण्याने वाचलंय की ऑस्ट्रेलियात नुसती गुरं काढली तरी जंगल उभं राहतं आणि पैसे येतात. तर हे करावं का, शेजारची जमीनही यात घेता येईल का, आणि झाडं कोणती लावावीत?

भाऊ, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. झाडं लावू नका. निदान यंदा तरी नको.

तुमच्या बरडावर जंगल आत्ताही आहे, फक्त ते जमिनीखाली आहे. पावसाळा सुरू झाला की एक दोरी घेऊन जा, दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन आखा आणि गुडघ्यावर बसून मोजा. पळसाचे ठोंब, तेंदूचे फुटवे, लेंडिया, धावडा, घोंट, कुठे साग, कुठे येन (ऐन). वरून वीतभर दिसणारं रोप उपटून बघायला गेलात तर हाताला येणार नाही, कारण खाली मनगटाएवढं जुनं मूळ असतं. दर उन्हाळ्यात ते वाळतं, जळतं किंवा शेळी खाते, आणि दर पावसाळ्यात पुन्हा फुटतं. असं वीस-वीस वर्षं चालतं. वर वाढ दिसत नाही, पण मूळ मुरमात खोल जात राहतं. रोपवाटिकेतून आणलेल्या पिशवीतल्या रोपाला हे मूळ कुठून येणार? नागपूरचा पाऊस वर्षाला साधारण १,१०० मिलिमीटर, ऐकायला भरपूर. पण तो चार महिन्यांत पडून जातो आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. २०१३ च्या मे मध्ये तो ४७.९ ला टेकला होता. मुरमाड उतारावर लावलेली रोपं पहिल्या उन्हाळ्यात मरतात, जुन्या मुळावरचा फुटवा मरत नाही.

असे दहा-बारा चौकोन वेगवेगळ्या ठिकाणी मोजा: माथ्यावर, उतारावर, नाल्याकाठी. सरासरी एका चौकोनात पाच जिवंत ठोंब निघाले तर हेक्टरी ५०० झाले. तेवढे असतील तर मी लागवडीचा एक रुपया खर्च करू देत नाही. दोन-तीनच निघाले तर मोकळ्या जागी बी टोचायचं. मोह आणि चारोळी मुद्दाम आणा, कारण त्यांची बी माणसंच वेचून नेतात, त्यामुळे ती आपणहून क्वचितच येतात. मोहाचं बी फार दिवस टिकत नाही. जूनमध्ये पडलेलं त्याच पावसात मातीत गेलं पाहिजे. आणि चौकोनात ठोंबच सापडले नाहीत, सगळीकडे शेडा, पवन्या, मारवेल असं चांगलं गवत दिसलं, तर थांबा. ती जमीन कदाचित कुरणाचीच असेल. चांगलं गवताळ रान मोडून झाडं कोंबण्याचा उद्योग कागदावर हिरवा दिसतो. सशा-तितरांना आणि गावच्या गाईंना विचारा.

एक खूण सांगतो. बरडावर नुसता पळसच पळस दिसला तर लोक म्हणतात, इथे दुसरं काही येतच नाही. तसं नसतं. पळसाला गुरं सहसा तोंड लावत नाहीत म्हणून तो वर दिसतो. धावडा, अंजन, बोर यांना लावतात, म्हणून ते जमिनीलगत खुजे राहिलेले असतात. चराई थांबली की दोन पावसाळ्यांत चित्र पालटतं.

चराई थांबवायची कशी, इथेच बहुतेक प्रकल्प आपटतात.

मीही आपटलो आहे. सुरुवातीच्या काळात हिंगण्याच्या पलीकडे एका गावात आम्ही तीस हेक्टर जमिनीला काटेरी तार मारली. पैसे बाहेरून आलेले, नकाशा सुबक, सरपंचाची सही घेतलेली. गावाची गुरं राखणाऱ्या गायक्याला मात्र कोणी विचारलं नाही. तो रोज सकाळी आखरावरून, म्हणजे गावाची गुरं गोळा होतात त्या जागेवरून, दीडशे गुरं घेऊन निघायचा आणि त्याची वाट नेमकी त्या तीस हेक्टरांतून पाण्याकडे जायची. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी तार तीन ठिकाणी कापलेली सापडली. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी आग लागली आणि न कापलेलं कमरेएवढं गवत एका दुपारीत जळून गेलं. आग कोणी लावली याची चौकशी मी केली नाही. चूक माझी होती, ती मला तेव्हाच दिसली.

त्यानंतर मी काम उलट्या टोकाने सुरू करतो. आधी गायकी, मग शेळ्या असलेली घरं, मग सरपण आणणाऱ्या बाया, आणि सरपंच सर्वांत शेवटी. गुरं किती, कोणत्या महिन्यात कुठे चरतात, पाणी कुठे पितात, हे सगळं त्यांच्याकडून कागदावर घ्यायचं. तुमच्या १४ एकरांवर ताबडतोब कुलूप लावण्याऐवजी गायकी, शेळीवाले आणि सरपणवाल्या बाया या तिघांचा विचार करून तुकडे पाडा. साधारण पाच एकर बंद, बाकी उघडं. बंद तुकड्यातले फुटवे शेळीच्या तोंडाच्या वर गेले, म्हणजे पुरुषभर उंच झाले, की तो तुकडा गाईंना परत उघडा आणि दुसरा बंद करा. नुसत्या गाई असतील तर चार-पाच वर्षं, शेळ्या असतील तर त्याहून जास्त. शेळी मागच्या पायांवर उभी राहते हे नकाशा काढणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

बंद तुकड्यातलं गवत गावाचं, हा या व्यवहारातला कणा. चराई नाही, पण कापून न्यायला पूर्ण मुभा, फुकट. बी पडून गेल्यावर, दिवाळीच्या आसपास कापायचं. दुसऱ्याच वर्षी इतकं गवत निघतं की शेळीवाली घरंही भारे नेतात. यात तुमचा दुहेरी फायदा आहे: गावाला चारा मिळतो, आणि फेब्रुवारीत पेटायला गवत उरत नाही. आपल्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तिथून आग सरकत येते. त्याआधी बांधालगत तीन-चार मीटरची जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, साफ करून घ्या. तुमच्या जमिनीत मोहाचं मोठं झाड असेल तर फुलांच्या आधी त्याच्याखाली आपणच झाडून द्या. जाळायची गरजच उरत नाही, आणि वेचणारी बाईच तुमची राखणदार होते.

बाकीची कामं हलकी आहेत. एका ठोंबावर सात-आठ फुटवे आले की एक-दोन सरळ ठेवून बाकीचे बुंध्यालगत छाटा. सरपण त्या घरांना द्या. घाणेरी असेल तर वरून कापू नका, चौपट फुटते. पावसात माती ओली असताना मुळाच्या मानेखाली तोडून उलटी टाका. उतारावर दगड आडवे रचा. मोठे चर मारू नका. जेसीबीने खणलेल्या चरात तीच जुनी मुळं तुटून जातात ज्यांच्या भरवशावर आपण बसलोय. सगळीकडे चर हवेत असं सांगणाऱ्याचा जेसीबीवाल्याशी काय संबंध आहे ते विचारा.

आता पैशाचं.

एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डाय-ऑक्साइड. लाकडाच्या कोरड्या वजनात साधारण ४७ टक्के कार्बन असतो आणि कार्बनचं डाय-ऑक्साइड करताना ४४ भागिले १२, म्हणजे ३.६७ ने गुणायचं. कोरडं १०० किलोचं झाड म्हणजे १७२ किलो डाय-ऑक्साइड. एवढं गणित आलं की कोणी फसवू शकत नाही. आपल्या मुरमाड बरडावर, मुळांसकट धरून, हेक्टरी वर्षाला अडीच टन कोरडी वाढ झाली असं धरू. हा अंदाज माझा, हिशेबापुरता. नाल्याकाठी जास्त निघेल, माथ्यावर कमी. अडीच टनांचे सव्वाचार टनांच्या थोडे वर क्रेडिट. तुमचे १४ एकर म्हणजे ५.६७ हेक्टर, म्हणजे वर्षाला साधारण २४. त्यातून आज उभी असलेली झाडं वजा, जळण्या-तुटण्याच्या धोक्यासाठी राखून ठेवायचा वाटा वजा, तुमच्याकडून हाकललेली गुरं दुसऱ्याचं रान खातात त्याची वजावट. अठरा उरले म्हणा. भाव वर-खाली होतो. ८०० रुपये धरला तर साडेचौदा हजार. कंपनीने निम्मे घेतले तर तुमच्या हाती सव्वासात हजार. एकरी पाचशेच्या आसपास. तेही पहिल्या चार-पाच वर्षांत जवळजवळ काही नाही, कारण मोजणी छातीच्या उंचीवर, १.३७ मीटरवर होते आणि कमरेएवढा फुटवा त्या टेपात येतच नाही.

त्या माणसाचा आकडा याच गणितात उलटा घाला. एकरी ४० हजार म्हणजे ८०० च्या भावाने एकरी ५० क्रेडिट, हेक्टरी सव्वाशेच्या जवळ. त्यासाठी दर वर्षी एका हेक्टरवर सत्तर टन कोरडं लाकूड वाढलं पाहिजे. कोंढाळीच्या बरडावर! त्याला एवढंच विचारा की कोणतं झाड, आणि त्याचं बी मलाही द्या.

शिवाय तपासणी. बाहेरची मान्यताप्राप्त संस्था येऊन प्रकल्प तपासते, मग दर काही वर्षांनी मोजणी तपासते; हा खर्च लाखांत जातो. चौदा एकरांना तो पेलत नाही. म्हणून असे प्रकल्प शेकडो शेतकऱ्यांचे मिळूनच होतात. त्यात वाईट काही नाही, पण मग नोंदणीची फी शेतकऱ्याकडून आगाऊ घेण्याचं कारण उरत नाही. ज्याला पुढे निम्मा वाटा हवा आहे त्याने आधीचा खर्च करावा. फी भरू नका. प्रकल्पाचं नाव आणि क्रमांक मागा. व्हेरा किंवा गोल्ड स्टँडर्ड या कार्बन क्रेडिटचे प्रकल्प नोंदवणाऱ्या संस्थांच्या नोंदी कोणालाही संकेतस्थळावर पाहता येतात. पुतण्याला बसवा, दहा मिनिटांचं काम आहे. व्हेराची झाडं वाढवण्याची सध्याची पद्धत सप्टेंबर २०२३ मध्ये आली. तिच्यात आधीच्या दहा वर्षांत मूळचं रान तोडलेलं नसावं अशी अट आहे, आणि शेजारच्या तशाच जमिनीपेक्षा तुमच्याकडे किती जास्त वाढलं हे दाखवावं लागतं. ही दुसरी गोष्ट नीट समजून घ्या. पुतण्याने ऑस्ट्रेलियाचं जे वाचलंय, त्याचा सगळा वाद याच मुद्द्यावर झालाय.

तिथे ही पद्धत होती खरी. क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स, पश्चिम ऑस्ट्रेलिया इथल्या कोरड्या, प्रचंड मोठ्या चराऊ रानांत गुरं-मेंढ्या कमी करायच्या किंवा काढायच्या, देशी झुडपं आपणहून वाढू द्यायची, आणि ती दोन मीटर उंच होऊन जमिनीचा पाचवा हिस्सा झाकतील इतकी झाली की जंगल धरायचं. हमी २५ किंवा १०० वर्षांची. २५ वर्षांची घेतली तर पाचवा हिस्सा क्रेडिट कापून. २०२२ मध्ये अँड्र्यू मॅकिंटॉश यांनी, जे आधी तिथल्या याच सरकारी कार्बन योजनेच्या तपासणी समितीचे अध्यक्ष होते, जाहीर सांगितलं की इथे झाडं पावसामुळे कमी-जास्त होतात, चराईचा संबंध फार थोडा. जे पावसाने झालं त्याचे पैसे दिले जाताहेत. सरकारने देशाचे माजी मुख्य शास्त्रज्ञ इयन चब यांच्याकडून आढावा घेतला. त्यांनी योजनेचा ढाचा ठीक ठरवला आणि सुधारणा सुचवल्या. २०२४ मध्ये मॅकिंटॉश आणि सहकाऱ्यांनी १८२ प्रकल्पांची उपग्रहचित्रं तपासून पुन्हा लिहिलं की प्रकल्पाच्या आत आणि बाहेर झाडांच्या आच्छादनात फारसा फरक नाही. नियामकाला ते पटलेलं नाही. नवीन प्रकल्पांसाठी ती पद्धत सप्टेंबर २०२३ मध्येच मुदत संपून बंद झाली.

आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे. पाऊस तिथल्या कितीतरी पट, आणि चराई-कुऱ्हाड-आग यांचा दाब खरा. बांधाच्या एका बाजूला राखलेलं, दुसऱ्या बाजूला न राखलेलं, असा फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे. पाच वर्षांत तो रस्त्यावरून दिसतो. पण तो फरक सिद्ध करायला आजचा पुरावा हवा. म्हणून करार होवो न होवो, या पावसाळ्यातले चौकोन, त्यांचे फोटो, मोबाइलवर घेतलेलं ठिकाण, ठोंबांची यादी हे सगळं तारखेसह जपून ठेवा. आणि गायक्याने सांगितलेला गुरांचा आकडाही. उद्या तपासनीस विचारेल की गुरं गेली कुठे. ती शेजारच्या गावाच्या रानात गेली असतील तर तुमचं अर्धं श्रेय तिथेच वजा होतं. तुकड्या-तुकड्याने बंद करणं आणि गवत कापून देणं, हे मी वर सांगितलं ते नुसत्या गावकीच्या सलोख्यासाठी नव्हतं.

शेजारचे साठ एकर. त्याचा सातबारा काढा. मला दाट शंका आहे की तिथे ‘झुडपी जंगल’ लिहिलेलं असेल. हा शब्द विदर्भाबाहेरच्या कंपन्यांना कळत नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशा ८६ हजार हेक्टरांहून जास्त जमिनी आहेत. मालगुजारीच्या काळापासून गुरं चारायला ठेवलेली, मुरमाड, खुरटी रानं. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की या जमिनी वनच आहेत. तेव्हा त्यावर तुम्ही, सरपंच किंवा कंपनी, कोणीही खासगी करार करू शकत नाही. ‘झुडपी’ नसून गुरचरण किंवा गायरान निघालं तरी ते गावाच्या गुरांसाठी राखलेलं आहे. महसूल संहितेचं कलम २२-क त्याचा वापर सहजी बदलू देत नाही. कंपनीच्या कागदात हे साठ एकर ‘प्रकल्प क्षेत्र’ म्हणून आधीच घातले असतील तर सही करण्याआधी ते काढायला लावा. असा कागद पुढे कोर्टात गेला तर खाली नाव तुमचं असतं.

गावाला ते रान राखायचंच असेल तर वाट वनहक्क कायद्याची आहे. २००६ च्या कायद्याने सामूहिक वनाचं संरक्षण आणि पुनरुज्जीवन करायचा हक्क ग्रामसभेला मिळू शकतो, दावा मंजूर झाला तर. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरने २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर उजाड टेकडी राखून दाखवली. त्यांच्या हाती जे पैसे आले ते सीताफळाचे. जाऊन बघून या. तिथल्या माणसांशी बोलल्यावर कार्बनबद्दलचे निम्मे प्रश्न आपोआप पडायचे थांबतील. कोणी केंद्राच्या ‘ग्रीन क्रेडिट’चं नाव घेऊन आला तर ती २०२३ ची वेगळी योजना आहे, कार्बन क्रेडिट नव्हे, दोन्ही एकच आहे म्हणणाऱ्याला चहा पाजून रवाना करा.

स्वतःच्या चौदा एकरांचा करार करायचाच ठरला तर मराठीत मागा आणि काही गोष्टी बोटाने शोधा. वाटा एकूण विक्रीवर आहे की खर्च वजा जाता उरलेल्यावर? दुसरा असेल तर तो बहुधा शून्य असतो. आग लागली तर नुकसान कोणाचं? मुलांमध्ये वाटणी झाली, जमीन विकली, कर्जाला तारण द्यावी लागली, तर काय? कंपनी बुडाली तर करार आपोआप सुटतो का? कुलमुखत्यारपत्र कोणत्याही कारणासाठी देऊ नका. आणि हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं: एकदा साग, मोह, येन, बिजा अशी झाडं उभी राहिली की महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार ती स्वतःच्या जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. दहा वर्षांनी पुन्हा संत्रा लावू, असा विचार मनात असेल तर आत्ताच मोकळेपणाने घरात बोला.

शेजाऱ्यांशीही बोला. तुमचं रान दाटलं की रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) दिवसा तिथे बसणार आणि रात्री शेजाऱ्याच्या तुरीत उतरणार. बोर व्याघ्र प्रकल्पाचा वाघ त्या पट्ट्यातून फिरतो. झुडपात बसायला जागा मिळाली तर तोही थांबेल. ज्याच्या संत्र्याच्या कलमा रोही मोडतो त्याला तुमच्या जंगलाचं कौतुक नसतं. बांधालगतचा वीस-पंचवीस मीटरचा पट्टा मी मोकळा, गवताचाच ठेवतो, आणि बंद करायचा पहिला तुकडा शेतांपासून लांबचा, माथ्याकडचा निवडतो.

मी तुमच्या जागी असतो तर कंपनीला ‘दोन पावसाळ्यांनी या’ म्हणालो असतो. माथ्यावरचे पाच एकर, गायक्याशी ठरवून, गवत गावाला देऊन, जाळरेषेसह राखायला खर्च येतो तो राखणदाराच्या मजुरीचा, आणि तो राखणदार गायक्याच्या घरातलाच असावा. तार मारू नका. काटेरी भराटीच्या फांद्या वाटेवर टाकल्या तरी पुरे. दुसऱ्या दिवाळीला तेच चौकोन पुन्हा मोजून आकडे पाठवा, मग करारातली कलमं एकेक करून बघू. दोरी मात्र नायलॉनची घ्या, सुतळी पहिल्याच पावसात आखडते आणि चौकोन लहान होतो.